कोड, कोढ आणि डॉक्टर कार्टर

मराठीत 'कोड' म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. उर्दूत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग. फरक फक्त ड आणि ढ यांचा. पण आपल्या घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या जातात. त्यामुळे टेंभी नाक्यावरच्या एखाद्या मुलीच्या हातावर पांढरा ठिपका दिसला, की मराठीतले कोड बघता बघता उर्दूतले कोढ होते आणि जुळत आलेला रिश्ता मोडतो. वास्तविक कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होणे. ते कोणाला लागत नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याचा डाग बहुधा बधिर असतो.

अरबी हकिमांनी हे दोन आजार वेगळ्या नावांनी ओळखले होते. कुष्ठरोग तो जुजाम, पांढरे डाग ते बर्स. कुरआन शरीफमध्ये हजरत ईसा (अ.स.) ज्यांना अल्लाहच्या हुकमाने बरे करतात, त्यांच्यासाठी 'अबरस' हा शब्द आहे, म्हणजे बर्स झालेला. आपल्या उर्दू तर्जुम्यांत मात्र पुष्कळदा 'कोढी' असे वाचायला मिळते.

युरोपात याहून मोठा घोटाळा झाला. ग्रीक वैद्य खपल्या धरणाऱ्या त्वचारोगाला 'लेप्रा' म्हणत आणि खऱ्या कुष्ठरोगाला 'एलिफंटायसिस'. मध्ययुगात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा जुजामसाठी 'लेप्रा' आणि 'दाउल-फील' म्हणजे हत्तीपायासाठी 'एलिफंटायसिस' असे शब्द योजले गेले. एका शब्दाखाली दोन-दोन रोग जमा झाले.

गरिबांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या लंडनच्या रॉबर्ट विलनने 1798 पासून त्वचारोगांवरचा सचित्र ग्रंथ भागाभागाने काढला. पुरळ, खपली, फोड असे डोळ्यांना दिसेल त्यावरून त्याने आठ वर्ग पाडले. आधुनिक त्वचारोगशास्त्राची सुरुवात इथून मानतात. तरीही आज ज्याला आपण सोरायसिस म्हणतो, त्याच्या एका प्रकाराला विलनही 'लेप्रा'च म्हणत होता! व्हिएन्नाच्या हेब्राने 1841 मध्ये तो शब्द तिथून काढला.

आपल्या मुंबईशी या इतिहासाचा संबंध येतो तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टरमुळे. 'ग्रेज ॲनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्याने काढली. तो ग्रंथ 1858 मध्ये निघाला आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईत आला. ठाण्याहून लोकलने भायखळ्याला उतरले, की जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज जवळच आहे. तिथे तो शरीररचना शिकवी. पुढे काही वर्षे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. अनवाणी शेतकऱ्यांचे पाय सुजून त्यांना छिद्रे पडत. गावाच्या नावावरून त्याला 'मदुरा पाय' म्हणत. कार्टरने त्यात बुरशी पाहिली आणि रोगाला कारणावरून नाव दिले : मायसेटोमा. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. विलन वरून पाहत होता, कार्टर सूक्ष्मदर्शकातून आत पाहू लागला.

1873 मध्ये कार्टर कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेला गेला. त्याच वर्षी तिथे बर्गेनमध्ये हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. पिढीजात समजला जाणारा हा आजार संसर्गाचा ठरू लागला. नॉर्वेतल्या आश्रमांवर कार्टरने लिहिले आणि हिंदुस्थानातही तसे आश्रम हवेत अशी शिफारस केली. 1890 मध्ये माटुंग्याला ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठालय उभे राहिले.

ज्ञानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जंतू सापडला, औषध मात्र नव्हते. मग उपाय म्हणून माणसालाच दूर ठेवले गेले. 1898 च्या कायद्याने भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून डांबता येई. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी तो कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले.

मुस्लिम स्त्रीला फस्ख-ए-निकाह मागण्याचा हक्क देणाऱ्या 1939 च्या कायद्यातही नवऱ्याचा कुष्ठरोग हे एक कारण होते. ते 2019 मध्ये वगळले गेले. पांढऱ्या डागांचा त्या कलमात कधी उल्लेखच नव्हता. त्यांच्यावरून रिश्ते मोडण्याचा कायदा आपण घरातच केला आहे.