पहिलं शहर कोणतं?

आई-बाबांना युरोप दाखवायचा, हा प्रोजेक्ट आमच्या घरात तीन वर्षं चाललाय. पहिल्या वर्षी बाबांचा गुडघा आडवा आला, दुसऱ्या वर्षी माझं रिलीज. यंदा मात्र रजा मंजूर झाली, पैसे बाजूला पडले आणि गेल्या शनिवारी मी लॅपटॉप घेऊन इचलकरंजीला घरी पोचलो. अकरा दिवस आणि चार शहरं: पॅरिस, इंटरलाकेन, फ्लॉरेन्स, रोम. शहरांवर वाद नव्हता. वाद होता तो पहिलं शहर कोणतं, यावर.

बाबा म्हणाले, "पॅरिस पहिलं. परत आल्यावर लोक तेच विचारणार." मी एक्सेल शीट उघडली. विमानाचं भाडं, रेल्वे, हॉटेल, सगळे कॉलम भरलेले. शिवाय शेंगेनच्या व्हिसाची भानगड असतेच. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. म्हणजे पहिल्या शहराचा विचार अर्ज भरायच्या आधीच करावा लागतो. माझं गणित पॅरिसकडेच झुकत होतं. एखादा दिवस कमी पडलाच तर फ्लॉरेन्सला कात्री लावायची, असंही मी ठरवून टाकलं होतं.

आई इतका वेळ शेंगा सोलत गप्प बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आपले राजाराम महाराज गेले ते गाव हेच ना?"

आई कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजची. मी मात्र इतकी वर्षं समजत होतो की ते नाव शाहू महाराजांच्या मुलाचं, 1922 साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांचं आहे. माझ्यासारखे बरेच असतील. पण 1880 साली कॉलेज सुरू झालं तेव्हा त्या राजारामांचा जन्मही झाला नव्हता. नाव आहे त्यांच्या आधीच्या राजारामांचं, आणि त्यांची गोष्ट थेट आमच्या एक्सेल शीटमध्ये येऊन बसली.

हे राजाराम मूळचे पाटणकर घराण्यातले. दत्तक येऊन 1866 साली ते कोल्हापूरच्या गादीवर बसले. इंग्रजी शिकले आणि मे 1870 मध्ये मुंबईहून बोटीने युरोपला निघाले. वय वीस. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. गादीवरच्या हिंदू राजाने विलायतेला जाणं म्हणजे घरच्यांपासून शास्त्री-पंडितांपर्यंत सगळ्यांना धक्काच. सोबत नोकरचाकर, स्वयंपाकाची व्यवस्था आणि देखरेखीला कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी.

आता त्यांचं पहिलं शहर बघा. वाटेत बाकीचा युरोप असला तरी मुक्काम ठरलेला होता लंडनचा. तिथे चॉइस नव्हताच! साम्राज्याची राजधानी ती, राणीची भेट तिथे, संस्थानाच्या नाड्या ज्यांच्या हातात तेही तिथलेच. जूनपासून जवळजवळ पाच महिने महाराज इंग्लंडमध्ये होते. राणी व्हिक्टोरियाला भेटले, जे पाहिलं ते इंग्रजीत डायरीत लिहीत गेले. ती डायरी वेस्टने संपादित करून 1872 साली लंडनमध्ये छापली. युरोपातली बाकीची शहरं होती परतीच्या वाटेवर.

मधल्या काळात इतिहासाने त्यांची आयटिनररी बदलली. जुलै 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला. नोव्हेंबरमध्ये महाराज परत निघाले, तेव्हा पॅरिसची वाट बंद होती. बेल्जियम, जर्मनी, आल्प्समधला टिरोल आणि मग इटली, असा वळसा घ्यावा लागला. थंडी सुरू झालेली, त्यात महाराज आजारी पडले. फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा तब्येत ढासळली होती. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. ती बघायचं राहूनच गेलं. 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

पुढचा प्रश्न अंत्यसंस्काराचा. इटलीत तेव्हा दहनाला परवानगी नव्हती. धावपळ करून खास परवानगी मिळवली गेली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, गावाबाहेरच्या कॅशिने बागेच्या टोकाला, कोल्हापूरच्या छत्रपतींना अग्नी दिला गेला. आपल्याकडे जसा नदीचा संगम शोधतात, तसा त्या परक्या गावात शोधून काढला.

1874 साली त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनियरचा. आमच्या शाळेच्या सहलीत दर वर्षी दाखवायचे तो कोल्हापूरचा नवा राजवाडा, तोही याच मँटचा. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला नुसतं 'इंडियानो' म्हणतात. 1978 मध्ये जवळच मोठा केबलचा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळालं. त्यावरून रोज गाड्या पळतात आणि त्यातल्या किती जणांना कोल्हापूर माहीत असेल, देव जाणे.

आणि एक दुवा. राजाराम महाराजांनंतर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज 1883 साली गेले, आणि 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू. म्हणजे आपल्या भागाचा पुढचा सगळा इतिहास त्या परतीच्या प्रवासानंतर घडलाय.

हे सगळं वाचून झाल्यावर मी परत शीट उघडली. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट अनुभवाने शिकतो: प्लॅनमध्ये जे शेवटी ठेवतो, तेच कापलं जातं. डेडलाइन येते, टेस्टिंग उरतं. लोकांना सांगायला म्हणून पॅरिस आधी, आणि आपल्याला खरंच बघायचंय ते "वेळ उरला तर". महाराजांच्या वेळी पहिलं शहर साम्राज्याने ठरवलं आणि परतीची वाट युद्धाने. आमच्यावर कुणाची सक्ती? फक्त स्वस्त तिकिटाची आणि "लोक विचारतील" याची.

मी ऑर्डर उलटी केली. फ्लॉरेन्स पहिलं, मग रोम, मग इंटरलाकेन, शेवटी पॅरिस. तिकीट माणशी साडेतीन हजारांनी महागलं. इटलीत दिवस जास्त झाले, म्हणून व्हिसाचा अर्जही आता इटलीकडे. बाबांचा गुडघा पहिल्या दिवसांत ताजा असेल, कॅशिनेच्या टोकापर्यंतचं लांबलचक अंतर तेव्हाच जमेल, हा मुद्दा मी मुद्दाम मोठ्याने मांडला.

बाबा थोडा वेळ शीटकडे बघत बसले. मग म्हणाले, "आणि पॅरिस राहिलं तर?"

आई म्हणाली, "राहू दे की."

असो. पुढच्या आठवड्यात अर्ज भरतोय. आईने एक काम सांगितलंय. पंचगंगेचं थोडं पाणी विमानातून नेता येतं का, ते बघायचंय. चेक-इन बॅगेत चालतं, असं मी तिला सांगितलंय. बाटली तिने आत्ताच धुऊन ठेवलीय.