मुरूम व इसब असलेल्या किशोरवयीनांसाठी सौम्य फेसवॉशची निवड

मुरूम आणि इसब हे दोन्ही त्वचाविकार एकाच चेहऱ्यावर असतात, तेव्हा चेहरा धुण्यासाठी काय वापरावे हा प्रश्न किशोरवयीन मुलामुलींना व त्यांच्या पालकांना पडतो. मुरमांसाठी विकले जाणारे बहुतेक फेसवॉश त्वचेवरील तेल कमी करण्यासाठी बनवलेले असतात. इसबाच्या त्वचेला मात्र तेच तेल टिकवून ठेवण्याची गरज असते. त्यामुळे एका विकाराचा उपाय दुसऱ्या विकाराला अपाय ठरू शकतो. अशा चेहऱ्यासाठी सामान्यतः सुगंधविरहित, साबणविरहित आणि त्वचेच्या सामूशी जुळणारा फेसवॉश निवडला जातो. मुरमांवरील औषध त्यात न शोधता ते धुतल्यानंतर स्वतंत्रपणे लावणे अधिक योग्य मानले जाते.

नावे आणि विकारांचे स्वरूप

मुरूम यालाच तारुण्यपीटिका असे म्हणतात. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात, केसांच्या मुळाशी असलेल्या छिद्रांची तोंडे मृत पेशींनी बुजतात, आत क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस या जिवाणूची वाढ होते आणि त्या जागी दाह होतो. ही सारी प्रक्रिया छिद्राच्या आत घडते. चेहरा अस्वच्छ ठेवल्यामुळे मुरूम येतात हा समज चुकीचा आहे. छिद्रांच्या तोंडाशी दिसणारे काळे ठिपके हीदेखील धूळ नसते. तेथील द्रव्याचा हवेशी संपर्क आल्याने आणि त्यातील रंगद्रव्यामुळे तो काळेपणा येतो. “तोंड नीट धूत नाहीस” असे घरी वारंवार ऐकावे लागणारे मूल दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा घासू लागते, आणि इसब असल्यास त्याची त्वचा त्यामुळेच अधिक बिघडते.

इसब हा शब्द बोलीभाषेत फार सैलपणे वापरला जातो. खाजणाऱ्या कोणत्याही चट्ट्याला इसब किंवा नायटा म्हणण्याची पद्धत आहे. नायटा अथवा गजकर्ण हा बुरशीमुळे होणारा संसर्गजन्य विकार होय. इसब संसर्गजन्य नाही. किशोरवयात आढळणाऱ्या इसबाचा प्रमुख प्रकार म्हणजे अॅटोपिक डर्मेटायटिस. दमा किंवा अॅलर्जीजन्य सर्दी असलेल्या कुटुंबांत तो अधिक दिसतो. चेहऱ्यावर पापण्या, ओठांभोवतीचा भाग आणि मान येथे, तसेच कोपर व गुडघ्यांच्या घडीत कोरडे, लालसर व अतिशय खाजणारे चट्टे उठतात. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता करडे, तपकिरी किंवा जांभळट दिसू शकतात. त्वचेच्या बाहेरच्या थराला बळकटी देणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाची शक्यता वाढवतो, हे २००६ मध्ये दाखवून देण्यात आले. असा दोष असलेल्या त्वचेतून पाणी लवकर उडून जाते व बाहेरील त्रासदायक पदार्थ सहज आत शिरतात.

साबण का टाळावा

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असून त्याचा सामू साधारणपणे ४.५ ते ६ च्या दरम्यान असतो. या आम्लधर्मी आवरणाची संकल्पना हाइनरिख शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन वैद्यकांनी १९२८ मध्ये मांडली. साबण मात्र तेल अथवा चरबी आणि अल्क यांच्या अभिक्रियेतून बनतो आणि त्याचा सामू सामान्यतः ९ ते १० असतो. साबणाने धुतल्यावर त्वचेचा सामू काही काळ वाढतो. वाढलेल्या सामूत बाहेरच्या पेशींना जोडणारे बंध तोडणारी विकरे अधिक सक्रिय होतात. साबण पेशींमधील मेदही काढून नेतो. निरोगी त्वचा यातून लवकर सावरते, इसबाची त्वचा सावरत नाही.

भारतात साबणाची प्रत त्यातील एकूण मेदयुक्त द्रव्यावरून, म्हणजे टीएफएमवरून ठरवतात. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० टक्के आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. टीएफएम जितके जास्त तितका साबण सौम्य, असे अनेक ग्राहक मानतात. या आकड्यावरून साबणात भरड किती कमी आहे ते कळते, सामू कळत नाही. पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच असतो.

साबणाला पर्याय म्हणून कृत्रिम अपमार्जकांपासून बनवलेल्या वड्या अमेरिकेत १९५० च्या दशकात बाजारात आल्या. त्यांना सिंडेट म्हणतात. आजचे बहुतेक द्रवरूप फेसवॉश याच तत्त्वावर बनतात आणि त्यांचा सामू त्वचेला जुळेल असा ठेवता येतो. तथापि फेसवॉश या नावाखाली विकला जाणारा प्रत्येक द्रव सौम्य असतो असे नाही. काही द्रव हे पातळ केलेले साबणच असतात. घटकांच्या यादीत पोटॅशियम किंवा सोडियम यांच्या पुढे पामिटेट, मिरिस्टेट, स्टिअरेट अशी नावे आरंभीच असली, तर ते साबण आहे असे समजावे.

वेष्टनावरील मजकूर

वेष्टनाची पुढची बाजू विक्रीसाठी लिहिलेली असते. निवड करताना मागची बाजू वाचावी. भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी देणे बंधनकारक असून, १ टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. म्हणून यादीतील पहिली पाच-सहा नावे सर्वांत महत्त्वाची ठरतात.

सोडियम लॉरिल सल्फेट हा भरपूर फेस आणणारा अपमार्जक त्वचेला इतका निश्चितपणे त्रास देतो की, त्वचेचा दाह अभ्यासण्याच्या प्रयोगांत तो मुद्दाम वापरला जातो. नावात साम्य असलेला सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य आहे, तरीही इसब उसळलेले असताना तो टाळलेला बरा. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट आणि डेसिल ग्लुकोसाइड हे सौम्य गणले जातात. कोकामिडोप्रोपिल बीटेन हाही सौम्य असून लहान मुलांच्या शाम्पूंत सर्रास आढळतो. मात्र काहींना त्याच्या निर्मितीत मागे राहणाऱ्या अंशांची अॅलर्जी होते. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या अभ्यासकांच्या संस्थेने २००४ साली त्याला ‘वर्षातील अॅलर्जीकारक’ घोषित केले होते. २०१३ मध्ये हेच बिरुद मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाला मिळाले. युरोपीय संघाने त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत या परिरक्षकाला पुढे बंदी घातली. धुऊन टाकायच्या उत्पादनांत ते अल्प प्रमाणात आजही असू शकते.

सुगंध हे इसबाच्या रुग्णांत अॅलर्जीचे एक प्रमुख कारण आहे. ‘वासरहित’ आणि ‘सुगंधविरहित’ हे शब्द समानार्थी वाटले तरी वेष्टनावर त्यांचा अर्थ एकच असेल असे नाही. वासरहित म्हणवणाऱ्या उत्पादनात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. घटकांच्या यादीत परफ्यूम, फ्रेग्रन्स, लिनालूल, लिमोनिन यांपैकी काही आहे का, ते पाहावे. चहावृक्षाचे तेल, लॅव्हेंडर व पुदिना यांसारखी वनस्पतिजन्य तेलेही याच गटात मोडतात. ‘नैसर्गिक’ असणे हा सौम्यपणाचा पुरावा नव्हे. ‘हायपोअॅलर्जेनिक’ आणि ‘नॉनकॉमेडोजेनिक’ या शब्दांनाही सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. मुलाला मुरूम असल्यास छिद्रे न बुजवणारे, म्हणजे नॉनकॉमेडोजेनिक, असा उल्लेख असलेले उत्पादन घ्यावे, पण ती हमी समजू नये. ग्लिसरीन व सेरामाइड हे घटक असल्यास चांगले. ते नाहीत एवढ्यावरून स्वस्त आणि साधे उत्पादन नाकारण्याचे कारण नाही, कारण फेसवॉश चेहऱ्यावर जेमतेम अर्धा मिनिट राहतो.

औषधयुक्त फेसवॉश

सॅलिसिलिक आम्ल आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवरील फेसवॉशमधील दोन नेहमीचे घटक आहेत. दोन्ही उपयुक्त आहेत व दोन्ही त्वचा कोरडी करतात. इसबाचे चट्टे उसळलेले असताना त्यांचा वापर थांबवावा. इसब शांत असल्यास आणि मुरूम केवळ कपाळ, नाक किंवा पाठीवर असल्यास तेवढ्याच भागापुरता, एक दिवसाआड वापर करून पाहता येतो. पापण्या, ओठांच्या कडा आणि मान वगळावी. बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या बाबतीत २.५ टक्के तीव्रता १० टक्क्यांइतकीच परिणामकारक आणि कमी त्रासदायक असल्याचे दिसून आले आहे. त्याने टॉवेल व उशीचे अभ्रे यांचे रंग उडतात, ही बाब घरच्यांना आधीच सांगून ठेवावी.

खरे उपचार त्वचेवर राहणाऱ्या औषधांनी होतात. अॅडापलीनसारखी औषधे मुरमांवर दिली जातात. तीही आरंभी त्वचा सोलवटतात. म्हणूनच ती सुरू असताना फेसवॉशने आणखी कोरडेपणा आणू नये.

धुण्याची रीत

सकाळी व रात्री असे दोन वेळा, तसेच खेळून घाम आल्यावर चेहरा धुणे पुरेसे असते. सकाळी चेहरा फार कोरडा वाटत असल्यास नुसते पाणी चालते. पाणी कोमट असावे. बोटांच्या टोकांनी हलकेच फेस पसरावा. घासणी, खरखरीत पंचा व दाणेदार स्क्रब वापरू नये. स्वच्छ मऊ कापडाने टिपून, त्वचा ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटणे हे स्वच्छतेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ते फेसवॉश तीव्र असल्याचे लक्षण आहे.

विहीर किंवा बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाची चिकट साय तयार होऊन त्वचेवर राहते. सिंडेटमध्ये ती जवळजवळ होत नाही, त्यामुळे अशा पाण्याच्या गावी साबण सोडण्याचा लाभ अधिक जाणवतो. पाणी मृदू करणारे यंत्र घेण्याची मात्र घाई करू नये. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा यंत्राचा अतिरिक्त लाभ आढळला नाही.

नवा फेसवॉश आणल्यावर तो आधी चार-पाच दिवस जबड्याखालच्या लहानशा भागावर वापरून पाहावा. एका वेळी एकच उत्पादन बदलावे, अन्यथा त्रास कशाने झाला ते कळत नाही.

घरगुती उपाय

लिंबाचा रस अतिशय आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. मुलतानी माती तेल शोषते व इसब वाढवते. मुरमांवर टूथपेस्ट लावण्याने दाह होतो. डाळीचे पीठ आणि दिवाळीतील उटणे हे दोन्ही घासण्याचे पदार्थ आहेत. बाजारच्या उटण्यात सुगंधही असतो. अभ्यंगस्नानाची परंपरा मोडण्याची आवश्यकता नाही, उटणे चेहरा व इसबाचे भाग सोडून लावावे. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरल्याने तेथे बारीक पुटकुळ्या येतात, हेही लक्षात घ्यावे.

वैद्यकीय सल्ला

भारतात स्टेरॉइडयुक्त मलमे औषधाच्या दुकानात सहज मिळत आली आहेत आणि खाज, डाग, गोरेपणा अशा कशासाठीही ती लावली जातात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. इसबावर योग्य तीव्रतेचे स्टेरॉइड ठरावीक दिवस लावणे हा मान्य उपचार आहे. तेच मलम स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावल्यास त्वचा पातळ होते आणि मुरमांसारखे पुरळ उठते. हे पुरळ फेसवॉश बदलून जात नाही.

पुटकुळ्या एकसारख्या आकाराच्या व खाजणाऱ्या असल्यास ते मुरूम नसून केसांच्या मुळांचा बुरशीजन्य विकार असू शकतो. मुरूम खोल, दुखरे व व्रण ठेवणारे असल्यास, सहा ते आठ आठवड्यांत फरक न पडल्यास, किंवा मूल चेहऱ्यामुळे शाळा-महाविद्यालय टाळू लागल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. चट्ट्यांतून पिवळसर द्रव येऊन खपल्या धरणे हे जिवाणुसंसर्गाचे लक्षण होय. इसबाच्या जागी एकाएकी दुखरे, खळगे पडल्यासारखे फोड आणि ताप येणे ही नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूच्या संसर्गाची खूण असू शकते. असे फोड डोळ्याजवळ असल्यास दृष्टीला धोका संभवतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.