बाळंतपणाचा हिशेब : १९२८ ते सरोगसी कायदा

सरोगसीची चर्चा 'गरीब बाईने गर्भाशय भाड्याने द्यावं का?' या प्रश्नावरच अडते. आम्ही त्याआधीचा प्रश्न विचारतो. बाळंतपणाचा आणि लेकरू वाढवण्याचा भार कुणी उचलायचा?

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात तो मांडला होता. त्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनाचं बिल आणलं, नाममात्र मोबदल्यावर अहोरात्र राबवणाऱ्या पद्धतीविरुद्ध. जुलैमध्ये ते कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा तो भार मुख्यतः सरकारने सोसावा, ही त्यांची भूमिका. (१९२९ साली कायदा झाला, पैसे मात्र मालकांनी द्यायचे ठरले.) ही दोन्ही भाषणं एकत्र वाचायला हवीत.

त्याआधी १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. रक्त, गोत्र काही आडवं आलं नाही. सरोगसीत मात्र 'आपल्याच रक्ताचं' मूल हवं असतं. जात तरी दुसऱ्या कशावर टिकली आहे?

२००२ नंतर हा बाजार फोफावला. गुजरातमधल्या आणंदला परदेशी जोडपी येऊ लागली. २०१५ साली परदेशींना बंदी आली आणि २०२१ च्या कायद्याने व्यापारी सरोगसीच बंद केली. आता फक्त 'परोपकारी' सरोगसी : दवाखान्याचा खर्च, ३६ महिन्यांचा विमा, मोबदला शून्य. डॉक्टर फी घेणार, वकील फी घेणार, परोपकार तेवढा नऊ महिने पोट वागवणारीने करायचा. फुकट राबण्याला पुण्य म्हणायची ही रीत आपल्या आजा-पणजाने पुरती भोगली आहे.

बाजार बरा होता, असं आमचं म्हणणं नाही. पण कर्ज, मुलांचं शिक्षण, डोक्यावर छप्पर यासाठी ती बाई तिथे गेली होती. त्यातलं काय सुटलं?

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीही परवडत नाही. पगारी बाळंतपण तर दूरच, लेकरू फडाच्या बांधावर. हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी आपल्या विहारांत पाळणाघर आणि जेवण सुरू करता येईल, आणि ते करायलाच हवं. पण फडावरचं पाळणाघर आणि भरपगारी प्रसूती रजा सरकार व कारखान्यांकडूनच घ्यायची आहे. या हंगामाआधी साखर आयुक्तालयाला द्यायच्या निवेदनात हीच मागणी पहिली असावी.