पडदा कुणाच्या हातात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कसबा बावड्यातल्या आमच्या घराचा पुढचा भाग वाढवला. आधी तिथे नुसता कट्टा होता. आता हॉल झाला आणि हॉलला रस्त्याच्या बाजूने पाच फूट रुंदीची सरकती खिडकी आली. गवंडी गेले, रंगारी गेले, पंखे लागले आणि सगळे घर पडद्यांवर येऊन अडले.

मुलगी बारावीला आहे. तिचे टेबल या खिडकीशी. तिला पातळ पडदा हवा, उजेड यायला पाहिजे म्हणून. सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, जाड पडदा हवा. मिस्टरांचे म्हणणे, काहीही घ्या, फक्त हिरवा नको. "का?" विचारले तर म्हणाले, "उगाच कशाला?" एवढ्यावर आम्ही सगळे समजलो. खरे सांगायचे तर माझ्याही मनात एक गोष्ट होती. मुसलमानाच्या घराला जाड, बंद पडदा दिसला की येणारा-जाणारा एकच अर्थ काढतो. हाच पडदा शेजारच्या घराला असला तर ते फर्निशिंग, आमच्या घराला असला की पडदापद्धत! शाळेत मी मराठी आणि उर्दू शिकवते, पण या एका शब्दापुढे दोन्ही भाषांत माझी अडचण होते. म्हणून ठरवले, दुकानात जाण्याआधी या पडद्याचा इतिहास जरा नीट पाहावा.

सुरुवात शब्दापासूनच करते. पडदा हा शब्द फारसी 'पर्दा'वरून आला. ज्या खोलीला तो लावायचा तो दिवाणखानाही फारसीच. पडद्याला आतून लावतात ते अस्तर फारसी, कापड मोजायचा गज फारसी, जरीतला 'जर' म्हणजे सोने तोही फारसी आणि मखमल अरबीतून आलेली. पडदा शिवणारा शिंपी मात्र आपला मराठी, खिडकीही आपलीच. 1347 मध्ये बहमनी राज्य सुरू झाले, पुढे आदिलशाही-निजामशाही आली. कचेरीत फारसी चालली आणि तिथून हे शब्द घरात शिरले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश तयार केला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी बोलण्यात पडदा राहिला तो राहिलाच. आज मराठी माणूस भांडणावर पडदा टाकतो, डॉक्टर कानाचा पडदा तपासतात, नट पडद्यावर दिसतो आणि कारस्थान पडद्याआड शिजते. यातला एकही वापर धर्माचा नाही.

म्हणजे पडदा ही वस्तू मुसलमानांनी इथे आणली असेही नाही. संस्कृत नाटकात पडद्याला यवनिका किंवा जवनिका म्हणत. यवन शब्दाशी तिचे नाते लावणारे अभ्यासक आहेत, तसेच वेग या अर्थाच्या 'जव' शब्दापासून जवनिका काढणारेही आहेत. लग्नातला अंतरपाट तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. दोघांनी धरलेले एक कापड. ते बाजूला होते आणि दोन माणसे एकमेकांना पाहतात. आमच्याकडेही नवरा-नवरीत फुलांचा किंवा जाळीचा पडदा धरायची रीत अनेक घरांत आहे. दोन्हीकडे तो पडदा दूर व्हावा म्हणूनच धरलेला असतो.

आता इस्लामी इतिहासातला पडदा. मदिनेत पैगंबर साहेबांच्या पत्नींच्या खोल्या कच्च्या विटा आणि खजुराच्या झावळ्यांच्या होत्या. दारांना जाड कापडाचे पडदे असत. लोक वेळी-अवेळी येत, बाहेरून हाका मारत. त्या काळात सूरह अहजाबमध्ये जो 'हिजाब' शब्द आला, तो डोक्यावरच्या कपड्यासाठी आलेला नाही. तो याच दारातल्या पडद्यासाठी आहे आणि तो आदेश आलेल्या पाहुण्यांना उद्देशून आहे: काही मागायचे तर पडद्याआडून मागा. सूरह नूरमध्येही दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नका असे सांगितले आणि नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितले, मग स्त्रियांना. म्हणजे पडद्याचा पहिला धडा घरातल्या बाईला नाही, बाहेरून पाहणाऱ्याला आहे. पुढे तो धडा कुणी कुणाकडे ढकलला, हे आपण सगळे जाणतो.

पडदा निवडण्याचा प्रसंगही हदीसमध्ये आहे. हजरत आयेशा यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. पैगंबर साहेबांना तो आवडला नाही. तेव्हा त्यांनी तो काढला, पण फेकला नाही. कापून त्याच्या उशा केल्या. घर चालवणारी बाई कापड वाया घालवत नाही, ती चौदाशे वर्षांपूर्वीही घालवत नव्हती! आणखी एक आठवण मला फार प्रिय आहे. पैगंबर साहेबांच्या अखेरच्या दिवशी हजरत अबू बक्र फजरची नमाज पढवत होते. आजारी पैगंबरांनी खोलीचा पडदा बाजूला केला, रांगेत उभ्या लोकांकडे पाहिले आणि हसले. मग पडदा सोडला. बुखारीच्या संग्रहात हे आहे. पडद्याच्या एवढ्या चर्चा आपण ऐकतो, पण त्या सकाळच्या उघडलेल्या पडद्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. पडदा म्हणजे फक्त मुसलमानांचा, असे ज्यांना वाटते त्यांनी 'गोषा' हा शब्द आठवावा. फारसीत गोशा म्हणजे कोपरा. मराठीत गोषा म्हणजे बड्या मराठा घराण्यांतल्या स्त्रियांनी परपुरुषाच्या नजरेआड राहण्याची रीत. राजघराणी, सरदार, इनामदार, सगळीकडे ती होती. पडदे लावलेल्या गाड्या, मेणे, वाड्यांत वेगळे चौक. जेवढे घराणे मोठे तेवढा पडदा जाड. शेतात राबणाऱ्या कुणब्याच्या बाईला आणि मागावर बसणाऱ्या मोमिनाच्या बाईला गोषा परवडणारच नव्हता. म्हणजे पडद्याचा संबंध धर्माइतकाच ऐपतीशी होता.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी आमच्या याच कसबा बावड्यातल्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये झाला. 1917 मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी यांचे लग्न इंदुमतीदेवींशी झाले आणि पुढच्याच वर्षी शिकारीतल्या अपघातात राजपुत्र गेले. सून अजून लहान मुलगीच होती. राजघराण्यातली बालविधवा म्हणजे त्या काळी दुहेरी पडदा. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून सोनतळी कॅम्पवर तिच्या शिक्षणाची सोय केली. याच महाराजांनी 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. माझ्यासारख्या बाईच्या हातात खडू आला, त्यामागे अशी बरीच माणसे उभी आहेत.

पण कायदा झाला म्हणून प्रत्येक घरातला पडदा सरकत नाही. आमच्या अम्मींचे माहेर जिल्ह्यातल्याच एका गावात. त्या चौथीपर्यंत शिकल्या. शाळेच्या वाटेवर बाजार होता, मुलगी मोठी झाली, म्हणून शाळा बंद. दाराला गोणपाटाचा पडदा होता. पुण्या-मुंबईच्या घरात ज्याला कुणी पायपुसणे करेल, तसले कापड. नात्यात जायचे तर टांग्याला चादर बांधायची आणि आत बसायचे. "उस गोनपाट कू एक छेद था," अम्मी सांगतात, "उसमेंसे मैं मोहरम के पंजे देखती थी." सगळा गाव बाहेर, हिंदूसुद्धा पंज्याला नारळ द्यायला आलेले, आणि ही दहा वर्षांची मुलगी एक डोळा मिटून भोकाला चिकटलेली. आजही अम्मी कुरआन झरझर वाचतात, पण बँकेत मराठीत सही करताना हात थांबतो.

याच कोल्हापुरात पडद्याचे दुसरे रूपही त्याच काळात बहरत होते. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे नाटकांचे पडदे रंगवत. राजवाडा, रस्ता, जंगल असे देखावे कापडावर इतके खरे उतरत की लोक पडद्यालाच दाद देत. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी काम केले. लोकांनी दोघांच्या नावापुढे पेंटर लावले ते कायमचे. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. रंगवलेल्या पडद्यावरून हलत्या पडद्यावर, असा या शहराचा प्रवास. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधून पूर्ण केलेले पॅलेस थिएटर, आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडले तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली मुलेही गप्प होती. एका पडद्याआड बाई लपवायची आणि दुसरा पडदा उघडायची वाट पाहत हजार माणसे बसायची. दोन्ही पडदे एकाच गावचे.

मग सामान्य घराच्या खिडकीला पडदा कधी आला? कापड स्वस्त झाले तेव्हा. 1904 मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. 1906 मध्ये कोल्हापुरात शाहू मिलची सुरुवात झाली. तिकडे 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमिन विणकर मालेगाव-भिवंडीत स्थिरावले होते, सोलापुरात पद्मशाली माग चालवत होते. कापड गिरणीत आणि यंत्रमागावर निघू लागले, तसे जुने लुगडे आणि गोणपाट दारावरून उतरले. आज आपल्या हॉलमधल्या पडद्याच्या मागे अशा किती जातिधर्मांचे हात आहेत, हे दुकानात भाव करताना आपल्या ध्यानातही येत नाही.

एवढे सगळे डोक्यात घेऊन एका रविवारी आम्ही दुकानात गेलो. अम्मींनाही नेले. दुकानदाराने हिशोब सांगितला: पन्हा अठ्ठेचाळीस इंचांचा, खिडकी साठ इंचांची. रुंदीच्या दुप्पट कापड नसेल तर चुण्या पडत नाहीत, पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. म्हणजे तीन पन्हे. मग त्याने पातळ आणि जाड अशी दोन्ही कापडे उलगडली आणि एक साधी गोष्ट दाखवली. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, तेव्हा पातळ पडद्यातून आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले नाही. रात्री आत दिवा लागला की उलटे होते. जुन्या वाड्यांतली बांबूच्या काड्यांची चिक याच नियमावर चालायची. आतली बाई अंधारात, बाहेरचा चौक उन्हात.

मुलगी म्हणाली, "दादी, बघा ना, पातळ चालतो." अम्मी म्हणाल्या, "दिन कू चलता. रात कू तू लाइट लगाके पढती, सारा रस्ता तेरे कू देखता." मी मनात म्हटले, झाले, पुन्हा गोणपाट. मला राहवले नाही. मी विचारलेच, "अम्मी, ज्या पडद्यापायी तुमची शाळा सुटली, तोच पोरीला लावायचा का?" दुकानात असे विचारायला नको होते. अम्मी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वो पडदा मैं नै लगाई थी, लोगां लगाए थे. ये उसका उसने खींचेगी."

मी गप्प झाले. इतकी पुस्तके वाचून मी जाड की पातळ यावरच भांडत होते. चौथी शिकलेल्या बाईला खरा प्रश्न माहीत होता: दोरी कुणाच्या हातात आहे? राजवाड्यातला गोषा, गावातले गोणपाट, मदिनेतला पडदा, सगळ्यांना हाच एक प्रश्न लावून पाहावा. आतल्या माणसाने स्वतःसाठी ओढला तर ती त्याची खासगी जागा. बाहेरच्याने त्याच्यावर ओढला तर ती कोठडी. आणि बाहेरच्याने तो जबरदस्तीने फाडला तरी आतल्या माणसाला विचारलेले नसतेच.

शेवटी दोन दांड्या लावायचे ठरले. आतल्या दांडीवर पातळ पांढरा, बाहेरच्या दांडीवर जाड, अस्तराचा. रंग अम्मींनी निवडला, शेवाळी. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. आमचा घरचा वाद ठाऊक नसलेला दुकानदार म्हणाला, "चांगला घेतलात. रस्त्याकडेच्या खिडकीला हाच रंग जास्त जातो, धूळ दिसत नाही." मिस्टरांनी मुकाट्याने पैसे दिले.

पडदे लावले त्या संध्याकाळी मगरिबची नमाज झाल्यावर अम्मी चपला घालून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. आत दिवा लावायला सांगितला. आधी पातळ पडदा, मग जाड. येणारी-जाणारी माणसे त्यांच्याकडे बघत होती, त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. आपले घर रस्त्यावरून कसे दिसते हे त्या नीट पाहून घेत होत्या. मग हात वर करून नातीला खूण केली, बस, ठीक आहे.

आता रात्री मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा पडदा ओढते आणि सकाळी उघडते. कधी ओढायला विसरते. तेव्हा अम्मी आतून हाक मारतात, पण स्वतः उठून ओढत नाहीत.