वासोटा : अरण्याने राखलेला दुर्ग

१/८
सातारा जिल्ह्यातील बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडला, की नाव वासोट्याच्या पायथ्याशी लागते. तेथून कोयना अभयारण्यातली पायवाट गडावर चढते. तुरुंग, वेढा, धरण आणि व्याघ्रप्रकल्प, असा इतिहास या एकाच वाटेवर साठला आहे. #थ्रेड

२/८
जावळी खोऱ्यातला हा गड १६६० मध्ये स्वराज्यात आला. शिवछत्रपतींनी त्याचे नाव ‘व्याघ्रगड’ ठेवले, असे सांगतात. कोकणाकडे ताशीव कडे, उरलेल्या अंगांना निबिड अरण्य. येथून पळून जाणे कठीण. म्हणून गडाचा उपयोग मुख्यतः तुरुंगासारखा झाला.

३/८
१८०७ च्या सुमारास बापू गोखले यांनी पंतप्रतिनिधी परशुरामपंतांना पकडले. तरीही प्रतिनिधींच्या पक्षाच्या ताई तेलीण यांनी वासोटा सुमारे ८ महिने झुंजवला. धान्यकोठार जळाले, तेव्हाच गड खाली करावा लागला.

४/८
१८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धात दुसऱ्या बाजीरावाने सातारकर छत्रपतींच्या कुटुंबीयांना येथे ठेवले. हंटर आणि मॉरिसन हे इंग्रज अधिकारीही येथेच कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये प्रिट्झलरच्या फौजेने शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या. अरण्याची ढाल तिथे संपली, गड पडला.

५/८
पुढे कोयना धरण झाले आणि १९६० च्या दशकात खोऱ्यात पाणी भरले. अनेक गावे बुडाली, माणसे विस्थापित झाली. वाटेचा आरंभ होतो ते मेट इंदवलीही आज निर्मनुष्य आहे. ‘मेट’ म्हणजे गडाच्या पायथ्याची पहाऱ्याची चौकी. आज त्याच ठिकाणी वनखाते येणाऱ्यांची नोंद करते.

६/८
१९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ मध्ये हे अरण्य पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले. व्याघ्रगड अशा रीतीने व्याघ्रप्रकल्पात आला.

७/८
गडावर मारुती व महादेवाची मंदिरे, पाण्याचे टाके, चुन्याचा घाणा आणि वाड्याचे अवशेष दिसतात, समोर बाबुकडा. वनखात्याची परवानगी अनिवार्य आहे. मुक्कामास मनाई असल्याने त्याच दिवशी परतावे लागते. पावसाळ्यात वाट बंद असते.

८/८
हे नियम काहींना जाचक वाटतात. परंतु ज्या खोऱ्यातून माणसांना घरेदारे सोडून जावे लागले, तेथे पर्यटकाने काही तासांचा पाहुणा म्हणून राहावे, एवढीच ही अपेक्षा आहे. मेट इंदवलीची ओसाड जोती ओलांडताना तिचे कारण समजते.

#वासोटा #सह्याद्री #इतिहास