इन्व्हर्टरचं मॉडेल आधी का करावं लागतं?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. मागणी अचानक वाढली, तर त्या अवजड चाकात साठलेली ऊर्जा पहिले काही सेकंद भार सांभाळते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या महानिर्मितीच्या १२५ मेगावॉट सौर प्रकल्पात (२०१३) असं चाकच नाही. तिथं डीसीची एसी करतो इन्व्हर्टर, आणि तो कसा वागेल ते त्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं.

मोठ्या ग्रिडमध्ये हे बरंचसं खपून जातं. मायक्रोग्रिडमध्ये, म्हणजे गावापुरत्या किंवा कारखान्यापुरत्या वीजजाळ्यात, बहुतेक भिस्त इन्व्हर्टरवरच असते. गंमत अशी, की एकेकटे उत्तम चालणारे दोन इन्व्हर्टर एकत्र जोडले की कधी कधी भांडू लागतात. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बिघाड वाटते, व्होल्टेज हेलकावे खातं, जाळं बंद पडतं.

म्हणून आधी गणिती मॉडेल करतात. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या स्विचची सरासरी घेतली की समीकरणं आटोपशीर होतात. मग मॉडेलला छोटा धक्का द्यायचा आणि हेलकावा विरतो की वाढतो ते पाहायचं. खरी अडचण वेगळीच आहे: कंपन्या आतलं सॉफ्टवेअर सहसा उघड करत नाहीत. अशा वेळी बाहेरून मोजमापं घेऊनच मॉडेल बांधावं लागतं.