चिनी मेजाचे लाकूड आणि भारतीय रक्तचंदन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जुन्या चिनी मेजांचा अभ्यास प्रामुख्याने त्यांच्या घडणीच्या अंगाने झालेला आहे. गुस्टाव्ह एक्के यांनी १९४४ मध्ये सांध्यांची मोजमापयुक्त रेखाटने प्रसिद्ध केली व १९८५ मध्ये वांग शिश्यांग यांच्या ग्रंथाने या अभ्यासास भक्कम पाया दिला. मात्र या मेजांच्या लाकडाचा भारताशी असलेला संबंध आपल्याकडे उपेक्षितच राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेतला आहे.

मिंग राजवटीने (१३६८–१६४४) खासगी सागरी व्यापारावर घातलेली बंदी १५६७ मध्ये शिथिल झाली आणि परदेशी कठीण लाकूड चीनच्या बंदरांत येऊ लागले. हैनान बेटावरचे सोनेरी ‘हुआंगहुआली’ हे आपल्या शिसवाच्याच प्रजातीतील होय. सर्वांत मौल्यवान मानले गेलेले ‘झितान’ जांभळट-काळे व पाण्यात बुडण्याइतके जड असते. चीनच्या २००० सालच्या काष्ठमानकाने त्याची ओळख रक्तचंदन अशी निश्चित केली. या वृक्षाचे नैसर्गिक वसतिस्थान दक्षिणेकडील पूर्व घाट हे आहे. (भंडारा जिल्ह्यातील जंगलांत परिचित असलेला बिजा हाही रक्तचंदनाचा सगोत्र.)

कारागिरीचे मर्म मेजाच्या पृष्ठभागात आहे. चार पट्ट्या कोपऱ्यांवर तिरप्या कापून आतील कुसू खाचेत बसविली जाते. मधली फळी चौकटीच्या खोबणीत सैल ठेवली जाते. दमट ऋतूत लाकूड फुगते, कोरड्या ऋतूत आकसते. फळी जखडून टाकली तर ती चिरते. खालून आडवी पट्टी सरकवून तिला आधार दिलेला असतो. लोखंडी खिळ्याची गरज क्वचितच भासते.

एकोणिसाव्या शतकात जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांमुळे मुंबई–कँटन व्यापार भरभराटीस आला व चिनी वस्तू पारशी घरांत स्थिरावल्या. त्याच शतकात मुंबईचे कारागीर शिसवावर दाट, जाळीदार कोरीवकाम करीत होते. हे काम कौशल्यपूर्ण खरे, परंतु त्यातील नक्षी मेजाच्या बांध्याला झाकून टाकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही त्यास चिनी कामाची नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल.

भारतीय शिसवही उपरोक्त मानकात समाविष्ट आहे. परिणामी केवळ लाकूड पाहून मेज चिनी की मुंबईचे, हे ठरत नाही. त्यासाठी मेज उलटे करून खालची पट्टी, खोबण आणि कोपऱ्यातील सांधा तपासावा लागतो.